आईने एकदाच अँटिबायोटिक घेतलं, मग रिपोर्टमध्ये सात 'आर' आले कुठून?

मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. आई ६८ वर्षांची, मधुमेह आहे. खुब्याचं हाड मोडलं म्हणून दहा दिवस रुग्णालयात होती, कॅथेटर लावलेला होता. घरी आल्यावर लघवीचं कल्चर केलं. त्यात क्लेबसिएला न्यूमोनिए सापडला आणि सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन, पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम, मेरोपेनेम, सिप्रोफ्लॉक्सासिन, जेंटामायसिन, अमिकासिन, को-ट्रायमॉक्झॅझोल या सातही औषधांपुढे 'आर' म्हणजे रेझिस्टंट असं छापून आलं. वर्षभरात तिने एकदाच पाच दिवस गोळ्या घेतल्या होत्या. 'अर्धवट कोर्स केल्याने जंतू सरावतो' असं ऐकलंय, पण तिने कोर्स पूर्ण केला होता. मग हे झालं कसं, आणि घरच्यांनी काय काळजी घ्यायची?

मी गेली पंचवीसेक वर्षं रुग्णालयाच्या मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये काम करते. असा रिपोर्ट हातात घेऊन रोज कोणी ना कोणी समोर उभं असतं, आणि बहुतेकांच्या चेहऱ्यावर अपराधी भाव असतो: आपलंच काहीतरी चुकलं. म्हणून आधी हे सांगते की आईच्या त्या पाच दिवसांच्या गोळ्यांनी हे सात 'आर' तयार केलेले नाहीत. तो जंतू तिच्याकडे आला तेव्हा बहुधा सगळं सामान घेऊनच आला.

'जंतू सरावतो' हे स्पष्टीकरण पूर्ण खोटं नाही. पेशी दुभंगताना जनुकांची नक्कल होते, नकलेत चूक होते, आणि एखादी चूक औषधापासून वाचवणारी निघते. क्षयाच्या जंतूत प्रतिरोध असाच येतो. तिथे कोर्स पूर्ण करण्याचा आग्रह अगदी योग्य आहे. पण हिशोब करून बघा. एका औषधापासून वाचवणारी नेमकी चूक दहा कोटी पेशींत एखादीत होते असं धरलं, तर दोन वेगळ्या औषधांच्या चुका एकाच पेशीत एकदम व्हायला दहा कोटी गुणिले दहा कोटी पेशी लागतील. सातांसाठी एकावर छप्पन्न शून्यं लिहावी लागतील. तरीही सात 'आर' असलेले जंतू मला आठवड्यातून कितीतरी वेळा दिसतात. म्हणजे हे चुकांमधून घडलेलं नाही, आयतं मिळालेलं आहे.

हे कोडं पहिल्यांदा पडलं जपानमध्ये. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे शिगेलाच्या हगवणीच्या साथी येत होत्या. १९५५ मध्ये हाँगकाँगहून परतलेल्या एका रुग्णात सल्फा, स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन आणि क्लोरॅम्फेनिकॉल या चारही औषधांना दाद न देणारा शिगेला सापडला. पुढे असे जंतू वाढत गेले आणि डॉक्टर चक्रावले. एकाच साथीत, कधी एकाच रुग्णात, तोच जंतू एकदा सगळ्या औषधांनी मरणारा आणि एकदा चारांनाही न मरणारा मिळे. एकच औषध दिलेल्या रुग्णाच्या आतड्यातून चारांना प्रतिरोध असलेला शिगेला बाहेर पडे. तुमच्या आईचाच प्रश्न, सत्तर वर्षांपूर्वीचा. १९५९ मध्ये ओचिआई आणि आकिबा यांच्या गटांनी प्रतिरोधी ई. कोलाय (आतड्यात राहणारा जंतू) आणि साधा शिगेला एका नळीत एकत्र वाढवले, आणि शिगेलाला चारही प्रतिरोध एकगठ्ठा मिळाले. त्सुतोमु वातानाबे यांनी १९६३ मध्ये यावर इंग्रजीत सविस्तर लेख लिहिला तेव्हा बाहेरच्या जगाला याचं गांभीर्य कळलं. त्यांनी याला संसर्गजन्य आनुवंशिकता म्हटलं. म्हणजे आईबापांकडून नव्हे, तर शेजाऱ्याकडून मिळालेला वारसा.

हा गठ्ठा म्हणजे प्लाझ्मिड. जिवाणूच्या मुख्य गुणसूत्राबाहेर असलेलं डीएनएचं छोटं कडं. क्लेबसिएलाचं गुणसूत्र साधारण ५० ते ५५ लाख अक्षरांचं असतं. प्रतिरोधाचं एखादं मोठं प्लाझ्मिड एकदीड लाखाचं. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ना, तसं हे बिऱ्हाड. फरक एवढाच की विंचू आपलं बिऱ्हाड शेजारच्याला देत नाही. हा देतो, आणि स्वतःकडेही ठेवतो. प्लाझ्मिडवरच्या जनुकांमुळे पेशीच्या अंगावर एक बारीक नळी उगवते, ती शेजारच्या पेशीला धरते, कड्याच्या दोन धाग्यांपैकी एक ठरलेल्या जागी कापला जातो आणि उलगडत पलीकडे जातो. मग दोन्ही बाजूंना उरलेल्या एकेका धाग्याची जोडी पुन्हा भरून निघते. ई. कोलायचं अख्खं गुणसूत्र असं पलीकडे जायला सुमारे १०० मिनिटं लागतात. त्या वेगाने लाखभर अक्षरांचं प्लाझ्मिड दोन-तीन मिनिटांत जातं. तुमचा चहा उकळेपर्यंत.

शिकाऊ विद्यार्थ्यांना हे सांगून पटत नाही, म्हणून मी करून दाखवते. रुग्णाकडून आलेला, मेरोपेनेमला न मरणारा क्लेबसिएला घ्यायचा. सोबत प्रयोगशाळेतला एक निरुपद्रवी ई. कोलाय, ज्याला सोडियम अझाइड सोसतं पण मेरोपेनेम अजिबात सोसत नाही. दोघांना एका फिल्टरवर रात्रभर शेजारी ठेवायचं. दुसऱ्या दिवशी ते खरवडून अझाइड आणि मेरोपेनेम दोन्ही घातलेल्या प्लेटवर पसरायचं. क्लेबसिएला अझाइडने मरतो, ई. कोलाय मेरोपेनेमने; प्लेट कोरी राहायला हवी. तिसऱ्या दिवशी सकाळी झाकण उघडलं की वसाहती दिसतात. क्लेबसिएलाच्या फुगीर, जंतू उचलायची सळई लावली की तार सुटणाऱ्या नव्हेत, ई. कोलायच्या सपाट, कोरड्या. त्यातली एक उचलून सेन्सिटिव्हिटी (कुठलं औषध लागू पडतं याची चाचणी) लावली की मेरोपेनेमच्या जोडीला सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन 'आर', जेंटामायसिन 'आर', अमिकासिन 'आर'. प्लेटमध्ये फक्त मेरोपेनेम होतं हं. बाकीच्या औषधांचं आम्ही नावही काढलं नव्हतं. त्या क्षणी मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

आता पुढचा प्रश्न: एका प्लाझ्मिडवर इतकी जनुकं गोळा कशी झाली? इथे खरी गंमत आहे, कारण प्लाझ्मिड हे सगळ्यात बाहेरचं गाठोडं. आत आणखी गाठोडी असतात.

सगळ्यात आतली सोय म्हणजे इंटिग्रॉन. मालगाडीसारखी कल्पना करा. पुढे एक इंजिन, म्हणजे जनुक चालू करणारा प्रमोटर, आणि शेजारी डबे जोडणारं एक एन्झाइम. प्रतिरोधाची जनुकं सुट्या डब्यांसारखी येतात. बहुतेकांना स्वतःचं इंजिन नसतं. नवा डबा जोडला जातो तो इंजिनाला लागून, आणि इंजिनाच्या जवळचा डबा जास्त जोरात चालतो. डबे जोडणारं ते एन्झाइम केव्हा वाढतं? पेशीचा डीएनए दुखावला जातो तेव्हा, आणि काही अँटिबायोटिक्स नेमकं हेच करतात. संकटात सापडलेली पेशी डब्यांची अदलाबदल करून बघते, जो उपयोगी तो पुढे. हे माझ्या विषयातलं मला सगळ्यात आवडणारं आणि सगळ्यात भीती घालणारं यंत्र. नेहमी भेटणाऱ्या पहिल्या वर्गाच्या इंटिग्रॉनच्या शेपटाला सल्फाला न जुमानणारं जनुक कायमचं जोडलेलं असतं. को-ट्रायमॉक्झॅझोलमध्ये दोन औषधं असतात. सल्फाची सोय शेपटात आणि ट्रायमेथोप्रिमची एखाद्या डब्यात. आईच्या रिपोर्टातल्या त्या 'आर'चं उत्तर बहुधा हेच.

इंटिग्रॉन स्वतः हलत नाही. त्याला उचलून नेतात ट्रान्सपोझॉन. बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी मक्याच्या दाण्यांवरून उड्या मारणारी जनुकं ओळखली आणि त्यांना १९८३ मध्ये नोबेल मिळालं; जिवाणूंत तीच तऱ्हा आहे. ट्रान्सपोझॉन गुणसूत्रावरून प्लाझ्मिडवर, एका प्लाझ्मिडवरून दुसऱ्यावर उडी घेतो. ट्रान्सपोझॉन-२१ हे याचं गाजलेलं उदाहरण: जपानी शिगेलातल्या एका प्लाझ्मिडवरच सापडलेला, पोटात इंटिग्रॉन आणि शेजारी पाऱ्याच्या विषापासून वाचवणारी जनुकं. म्हणजे जिथे पारा आहे, अँटिबायोटिकचा थेंबही नाही, तिथेही हे गाठोडं बाळगणारा जंतू तगतो आणि अँटिबायोटिकचा प्रतिरोध फुकटात जपला जातो.

ट्रान्सपोझॉनहून लहान ते आयएस घटक, जेमतेम हजार-दीड हजार अक्षरांचे, उडीपुरती सोय असलेले. त्यातला आयएस-२६ तर ८२० अक्षरांचाच, पण आमच्याकडच्या प्लाझ्मिडांचा नकाशा काढला की तो जागोजागी दिसतो, गोधडीच्या टाक्यांसारखा. दोन ठिकाणी तो असला की मधला तुकडा उचलून दुसरीकडे नेता येतो.

दुसऱ्या एका आयएस घटकाने आपल्याला सीटीएक्स-एम हे सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनसारखी औषधं तोडणारं एन्झाइम दिलं. क्लुव्हेरा नावाचा एक जंतू आहे, क्वचितच आजार करणारा. त्याच्या गुणसूत्रात हे जनुक निमूट बसून होतं. शेजारी आयएस-ई-सीपी-१ येऊन बसला, त्याने ते उचलून प्लाझ्मिडवर नेलं आणि वर स्वतःचा प्रमोटरही दिला. सीटीएक्स-एम-१५ हा प्रकार पहिल्यांदा नोंदला गेला तो नवी दिल्लीतल्या १९९९ च्या नमुन्यांतून. आज भारतात ई. कोलाय किंवा क्लेबसिएलासमोर सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन 'आर' छापलं गेलं की माझा पहिला संशय यावरच असतो.

मेरोपेनेमच्या 'आर'साठी आपल्याकडचा मुख्य संशयित एनडीएम-१, मेरोपेनेम तोडणारं एन्झाइम. भारतात उपचार घेतलेल्या एका रुग्णात तो २००८ मध्ये स्वीडनमध्ये ओळखला गेला आणि नावात 'न्यू दिल्ली' आलं. त्यावरून इथे मोठा गदारोळ झाला. मला तेव्हाही वाटायचं की नावावर भांडण्यापेक्षा प्लेटा मोजाव्यात. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या मंडळींनी मोजल्या: २००९ मध्ये तीन महिन्यांत मेरोपेनेमच्या गटाला न जुमानणारे आतड्याच्या कुळातले २४ जंतू मिळाले, त्यातल्या २२ मध्ये एनडीएम-१ होता.

या जनुकाची घडण बघण्यासारखी आहे. त्याचा अगदी सुरुवातीचा तुकडा त्याचा स्वतःचा नाही. तो अमिनोग्लायकोसाइड गटाच्या (जेंटामायसिन, अमिकासिन यातलीच) औषधांविरुद्धच्या एका वेगळ्याच जनुकाचा आहे. दोघांचा सांधा जुळला तो अ‍ॅसिनेटोबॅक्टर या जंतूत, असं बांधणीवरून दिसतं, कारण पुढे आयएस-अबा-१२५ हा अ‍ॅसिनेटोबॅक्टरमधला घटक प्रमोटर पुरवत बसलेला असतो. क्लेबसिएलातल्या प्लाझ्मिडवर अनेकदा या घटकाचा तुटका अवशेष तेवढा सापडतो. भिंतीवरची पाटी निघाली तरी खिळ्यांच्या खुणा राहाव्यात तसा. त्यावरून कळतं की पाहुणा कुठल्या वाटेने आला.

एनडीएमच्या प्लाझ्मिडांवर बरेचदा एक मिथिलेज एन्झाइमही असतं. ते जिवाणूच्या रायबोझोमवर, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रावर, अशी खूण करतं की जेंटामायसिन आणि अमिकासिन दोन्ही तिथे बसूच शकत नाहीत. म्हणजे एक जनुक आणि रिपोर्टात दोन 'आर'. पिपरासिलिन-टॅझोबॅक्टमला एनडीएम संपवतोच. राहिलं सिप्रोफ्लॉक्सासिन. तिथे मात्र मुख्य काम गुणसूत्रातल्या जुन्या धाटणीच्या चुकांचं असतं, प्लाझ्मिड फक्त हातभार लावतं. सात 'आर', पण बहुतेकांचं गाठोडं एकच. आता विचार करा, अशा जंतूवर यातलं कुठलंही एक औषध वापरलं तरी निवड संपूर्ण गाठोड्याचीच होते. त्यामुळे 'एक औषध बंद केलं की त्याचा प्रतिरोध जाईल' हा हिशोब चुकतो.

कधीकधी मात्र तो जमतोही, आणि हे उदाहरण मला फार आवडतं. १९७२ मध्ये केरळात कालिकतला क्लोरॅम्फेनिकॉलला न जुमानणाऱ्या टायफॉइडची साथ आली; प्रतिरोध प्लाझ्मिडवर होता. पुढे डॉक्टर सिप्रोफ्लॉक्सासिनकडे वळले, क्लोरॅम्फेनिकॉल मागे पडलं, आणि बिऱ्हाड वाहण्याचा खर्च परवडेनासा झाल्यासारखं टायफॉइडच्या जंतूने ते हळूहळू टाकलं. आज आपल्याकडच्या टायफॉइडच्या बहुतेक रिपोर्टांत क्लोरॅम्फेनिकॉल, अँपिसिलिन, को-ट्रायमॉक्झॅझोल 'एस' म्हणजे लागू पडणारं दिसतं, तर सिप्रो जवळपास नेहमीच निकामी. कारण सिप्रोचा प्रतिरोध गुणसूत्रातली चूक आहे, ती टाकून देता येत नाही. याच्या उलट घडलं पाकिस्तानातल्या सिंधमध्ये, २०१६ पासून. तिथल्या टायफॉइडमध्ये जुनी प्रतिरोधाची जनुकं ट्रान्सपोझॉनसकट थेट गुणसूत्रात जाऊन बसली, जणू बिऱ्हाड भिंतीत चिणलं, आणि रिकाम्या झालेल्या पाठीवर सीटीएक्स-एम-१५ वालं नवं प्लाझ्मिड चढलं. गोळीच्या रूपात हाताशी राहिलं ते मुख्यतः अझिथ्रोमायसिन. मुंबईतही सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनला न जुमानणारा टायफॉइड वेगळ्या प्लाझ्मिडसह नोंदला गेला आहे. म्हणून टायफॉइडच्या संशयात गोळी सुरू करण्याआधी रक्ताचं कल्चर घ्या, असं मी कानीकपाळी ओरडत असते.

काही प्लाझ्मिडं तर टाकताही येत नाहीत. ती पेशीत एक टिकाऊ विष आणि एक नाशवंत उतारा दोन्ही तयार करतात. पेशी दुभंगून झालेल्या, प्लाझ्मिड हरवलेल्या लेकीत उतारा लवकर संपतो, विष उरतं, लेक मरते. घर सोडलंस तर जीव घेईन, असा तो मामला.

ही वाहनं, म्हणजे प्लाझ्मिडं, नवी आहेत असंही समजू नका. अँटिबायोटिक सर्रास वापरात येण्याआधीच्या, १९१७ ते १९५४ दरम्यान जपून ठेवलेल्या ४३३ जंतूंची तपासणी नाओमी दत्ता आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९८३ मध्ये प्रसिद्ध केली. त्यातल्या २४ टक्के जंतूंत एकाकडून दुसऱ्याकडे जाणारी प्लाझ्मिडं होती, पण त्यांवर प्रतिरोधाचा माल जवळपास नव्हताच. गाड्या जुन्याच. माल आपण वापरलेल्या औषधांच्या काळात चढला.

मग आईला हा जंतू कुठे मिळाला? शक्यता दोन. रुग्णालयात, कॅथेटर आणि हातांमार्गे. किंवा आतड्यात आधीपासून होता आणि संधी मिळताच मूत्राशयात आला. अँटिबायोटिक न घेताही हे सामान आतड्यात येतं. दक्षिण आशियात फिरून परतलेल्या १८१ डच प्रवाशांपैकी १३६ जणांच्या आतड्यात सीटीएक्स-एम जातीची एन्झाइम्स बनवणारे जंतू नव्याने आले होते, म्हणजे चारातले तीन. २०१० मध्ये दिल्लीत घेतलेल्या नळाच्या पाण्याच्या ५० नमुन्यांपैकी २ मध्ये आणि रस्त्यावरच्या साचलेल्या-वाहत्या पाण्याच्या १७१ पैकी ५१ मध्ये एनडीएम-१ चं जनुक मिळालं. त्याच अभ्यासात या प्लाझ्मिडांची देवाणघेवाण ३० अंश सेल्सिअसला सर्वात जोरात दिसली. आपल्या गटारांना हे तापमान वर्षातले कितीतरी महिने फुकट मिळतं.

आता तुमच्या घरचं. आईला ताप, लघवीला जळजळ, पोटात किंवा कमरेत दुखणं यातलं काही आहे का? नसेल, तर हा बहुधा नुसता वस्तीला आलेला जंतू आहे. कॅथेटर असलेल्या माणसाच्या लघवीत जंतू सापडणं ही नेहमीची गोष्ट आहे. लक्षणं नसताना त्याला औषध देऊ नये. सात 'आर' पाहून घाबरून कोलिस्टिन हे शेवटचा उपाय म्हणून राखलेलं औषध टोचणं ही मी पाहिलेली सगळ्यात सामान्य चूक. रिपोर्टात कोलिस्टिनपुढे 'आय' (मधला दर्जा) असेल तर तो शुभशकुन समजू नका. २०२० पासून अमेरिकी मानकांत त्याला 'एस' द्यायची सोयच ठेवलेली नाही.

लक्षणं असतील, तर डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा. पहिली, कार्बापेनेमेज, म्हणजे मेरोपेनेमच्या गटाला तोडणारं एन्झाइम, कुठला आहे ते तपासलं का? साधी पद्धतही आहे: जंतू कालवलेल्या नळीत मेरोपेनेमची चकती चार तास बुडवून ठेवायची, मग ती साध्या ई. कोलायच्या प्लेटवर ठेवायची. एन्झाइमने औषध खाल्लं असेल तर चकतीभोवती सकाळी मोकळं वर्तुळ उरत नाही. दुसऱ्या नळीत ईडीटीए (एनडीएमला लागणारं जस्त पकडून ठेवणारं रसायन) घातल्यावर वर्तुळ परत आलं, तर तो एनडीएमच्या जातीचा. दुसरी गोष्ट, तसं असेल तर सेफ्टाझिडिम-अव्हिबॅक्टम आणि अझ्ट्रिओनाम यांची जोडी तपासून पाहिली का? एनडीएम अझ्ट्रिओनामला तोडू शकत नाही. तोडतो तो सोबतचा सीटीएक्स-एम, आणि त्याला अव्हिबॅक्टम अडवतो. महागडी जोडी आहे, आणि द्यायची की नाही हे आईला समोर पाहणारे डॉक्टरच ठरवतील.

घरात ताटवाटी, अंथरूण वेगळं करायची गरज नाही. नातवंडांनी जवळ बसायलाही हरकत नाही. कॅथेटर अजून असेल तर त्याची पिशवी रिकामी करताना हातमोजे घाला, तिचं मापाचं भांडं वेगळं ठेवा, आणि नंतर साबणाने हात धुवा, स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये नव्हे. डायपर बदलतानाही तेच. कॅथेटरची गरज अजून आहे का, हे या आठवड्यातच विचारा. तो जितक्या लवकर निघेल तितकं बरं. आणि हा रिपोर्ट फाइलच्या तळाशी न ठेवता पहिल्या पानाला लावा. पुढे कधी तिला भरती करावं लागलं, तर कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांना तो बीपीच्या गोळ्यांच्या यादीआधी दाखवा, म्हणजे शेजारच्या खाटेवरच्या माणसाला हा जंतू जाऊ नये याची सोयही त्यांना वेळेत करता येईल.